सरक जरा

ती. धाकटीस,

दादाचा साष्टांग नमस्कार. (तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस हे मला माहीत आहे. आजवर तुला फक्त आशीर्वाद धाडले, तेही बहुतेक वेळा फोनवरच्या अंगठ्याच्या चित्राने. एकदम नमस्कार का, ते पत्राच्या शेवटी कळेल. पण मधलं वाचल्याशिवाय शेवट बघायचा नाही. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, ती खोड इथे नको.) तुझी कंबर कशी आहे? वाचनालयातल्या त्या शिडीवर अजून स्वतःच चढतेस का? आमच्या मेहुण्यांचा खोकला थांबला का? आम्ही इथे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्र हाताने लिहिलेलं बघून तू चष्मा पुसून पुन्हा बघितलं असशील. घरात तीन संगणक, दोन प्रिंटर आणि एक खण भरून वायरी बाळगणारा तुझा भाऊ, आणि लिहितोय तुझ्या वहिनीच्या विणकामाच्या वहीतून फाडलेल्या चौकटींच्या कागदावर! फोनवरून लिहिता आलं असतं. पण आमच्या घरातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत (मीच जोडली आहेत, आणि त्यासाठी दोन रविवार खर्ची घातले आहेत), त्यामुळे मी फोनवर जे लिहितो ते तुझ्या वहिनीच्या टॅबवर आपोआप उमटतं. ते कसं थांबवायचं हे मला माहीत आहे, पण ते थांबवायचं बटण संगणकात आहे आणि संगणक बंद आहेत. तिन्ही. त्याचं कारण ओघाने येईलच.

तुला ठाऊकच आहे, या इमारतीत मला नावाने कोणी हाक मारत नाही. मी 'कॉम्प्युटरवाले काका'. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवून 'हे बरं दिसतं की ते?' असं विचारतो, ते पोटासाठी. खरा जीव यायचा तो संध्याकाळी. जिन्यात पाय ठेवला की कुणीतरी माझी वाट बघत उभं असायचंच. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेचा प्रिंटर कागद गिळायचा, तळमजल्यावरच्या केकवाल्या बाईंच्या फोनमधली जागा संपायची, आमच्या समोरच्या निवृत्त कारकुनांचा पासवर्ड महिन्यातून दोनदा हरवायचा. मी हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता आत शिरायचो, 'सरका जरा' म्हणायचो, खुर्चीत बसायचो आणि दोन मिनिटांत काम फत्ते. (कधी कधी दोन तास. पण लोकांच्या लक्षात दोन मिनिटंच राहतात, असा माझा समज होता.) तोवर यजमान पाठीमागे उभे राहून माझी टाळू बघत असायचे. निघताना म्हणायचे, 'तुम्ही होतात म्हणून.' धाकटे, या तीन शब्दांवर मी बावीस वर्षं काढली.

सात महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे नेमके आमच्या डोक्यावर, एक निवृत्त दंतवैद्य राहायला आले. सगळे त्यांना दातवाले डॉक्टर म्हणतात. मी नुसतंच दातवाले म्हणतो, आणि मनातल्या मनात अरेतुरे करतो. या माणसाकडे काय असावं? आठ वर्षांचा एक लॅपटॉप. त्याच्या तीन बटणांवरची अक्षरं पुसली गेलेली आणि झाकणावर दात काढून हसणारी दाढ चिकटवलेली. ओळख झाली तेव्हा मी सहज विचारलं की रॅम किती आहे, तर म्हणाला, 'पुरेशी असावी.' पुरेशी! मी स्वतःच्या यंत्राची रॅम झोपेत सांगू शकतो, आणि हा गृहस्थ तिच्याविषयी भाजीतल्या मिठासारखं बोलतो. तेव्हाच मी त्याला मनातून निकालात काढला होता.

तीच चूक झाली. महिनाभराने लक्षात आलं की शिक्षिकेचा प्रिंटर बराच काळ काही गिळत नाही. जिन्यात मीच तिला अडवून विचारलं, तर म्हणाली, 'काका, डॉक्टरांनी दाखवलं ना, मागचं झाकण उघडायचं. आता माझी मीच काढते कागद.' माझी मीच! मग केकवाल्या बाई फोनमधले फोटो स्वतः हलवून जागा करायला लागल्या. समोरचे कारकून पासवर्ड एका वहीत लिहून ठेवतात आणि (कडी म्हणजे) ती वही कुठे ठेवली ते त्यांना आठवतं. मी चौकशी केली की हा माणूस एवढं करतो तरी काय. तर कळलं, काहीच करत नाही. खुर्चीत बसत नाही, माऊसला शिवत नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो आणि विचारतो, 'काय दिसतंय ते सांगा. इथे दाबलं की काय होतं? आणि इथे? सावकाश. घाई नाही.' आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातल्यावर आता कशालाच हात लावायचा नाही, असं ठरवलेलं दिसतंय. हे ऐकून मी खूप हसलो. पोटात दुखेपर्यंत हसलो असं लिहिणार होतो, पण पोटात आधीपासूनच दुखत होतं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात आमच्या रस्त्यावर खोदकाम झालं आणि कुदळीचा घाव नेमका आमच्या कंपनीच्या इंटरनेटच्या वायरीवर बसला. घरातलं सगळं ठप्प. मी राउटरसमोर मांडी घालून बसलेलो, त्याचा लाल दिवा बघत. आणि आतल्या खोलीतून तुझ्या वहिनीच्या फोनवर कोणी बाई मजेत विणकाम शिकवतेय, उलटा टाका कसा घालायचा ते! मी आत गेलो. फोन बघितला. वायफायच्या पूर्ण काड्या, आणि नाव 'तिसरा मजला'. धाकटे, पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या वायफायला पासवर्ड आहे हे मला माहीत होतं. (कसं माहीत ते विचारू नकोस.) कुणाच्या घरी बसून, पासवर्ड घालून, एकदा जोडल्याशिवाय फोन असा आपोआप जोडला जात नाही. मी विचारलं, 'हे कधीपासून?' ती सुया न थांबवता म्हणाली, 'मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. चार ते पाच. तुम्ही दुकानात असता तेव्हा.'

तू लगेच भलतासलता अर्थ काढू नकोस. दातवाले पंच्याहत्तरीचे आहेत आणि त्यांची बायको दोघांना चहा करून देते, हे मी खात्री करून घेतलं आहे. तसला मत्सर असता तर परवडला असता. चार लोकांत सांगता तरी आला असता. पण ही माझ्या घरातली बाई, जिच्या पदरी अख्खा कॉम्प्युटरवाला आहे, ती वर जाऊन दुसऱ्याला विचारते की फाईल कुठे ठेवू! पाककलेच्या शिक्षिकेचा नवरा रोज शेजारी जेवायला गेला तर तिला काय वाटेल? तेच मला वाटलं. मला फार काही नको आहे ग. तिने वर जाणं थांबवावं आणि जे अडेल ते मला विचारावं, एवढंच. बावीस वर्षं सगळी इमारत मला विचारत होती. आता घरातलं एक माणूसही विचारत नसेल, तर त्या खणभर वायरी मी कुणासाठी जपल्या?

पुढच्या मंगळवारी मी दुकानात डोकं दुखण्याचं कारण सांगितलं (खोटं नव्हतं) आणि साडेचारला तिसऱ्या मजल्याची घंटा वाजवली. इमारतीतल्या सिग्नलची पाहणी करतोय, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि पाहणीबद्दल काही न विचारता मला आत घेतलं, त्यामुळे तयारी वाया गेली. तुझी वहिनी खुर्चीत बसलेली. दातवाले दोन हात अंतरावर, हात पाठीमागे. आणि पडद्यावर, तुला सांगतो, एक बदक. हिशेबासाठी जो चौकटींचा तक्ता असतो ना, त्याच्या चौकटी लहान चौरस करून तिने त्यात रंग भरून बदक बसवलं होतं. एका चौकटीत एक टाका. लहान मुलांच्या स्वेटरवर विणायचे नमुने ती आजवर वहीत काढायची, आता ते ती छापून विकणार होती म्हणे. तीन वर्षांपूर्वी तिने मला विचारलं होतं की असं करता येईल का. मी सांगितलं होतं की तो तक्ता त्यासाठी नसतो, आणि मग तो कशासाठी असतो ते तिला पाऊण तास समजावलं होतं.

ती बदकाची मान सरळ करत होती. एकेक चौकट. मला ते बघवेना. ते काम दोन मिनिटांचंही नव्हतं. मी पुढे झालो, माऊसवर हात ठेवला आणि तोंडातून सवयीने निघालं, 'सरक जरा.'

ती म्हणाली, 'नाही सरकणार.'

आवाज चढवला नाही, वळूनही बघितलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा शब्द मी तिला किती वेळा म्हणालो असेन याची गणती नाही, आणि दर वेळी ती सरकली होती. दातवाल्यांनी तेवढ्यात खिडकीबाहेर बघायचं काम काढलं. त्यांच्या बायकोने मला चहा दिला. मी तो उभ्याउभ्या संपवला आणि खाली आलो. जिना उतरताना का कोण जाणे, तू आठवलीस. बाबांनी कचेरीतून मोडीत काढलेला तो हिरव्या अक्षरांचा संगणक आणला होता, आठवतो? तू स्टुलावर बसून फुल्या टाकून टाकून घर काढत होतीस. भिंती झाल्या होत्या, दार झालं होतं. मी म्हणालो, सरक, छप्पर कसं काढायचं ते दाखवतो. आणि काहीतरी दाबलं आणि घर गेलं. तू रडली नाहीस. स्टुलावरून उतरलीस आणि एक पुस्तक घेऊन कोपऱ्यात जाऊन बसलीस. पुढे वाचनालयात लागलीस, तिथली सगळी यादी एकटीने संगणकावर चढवलीस, तेव्हा मी लोकांना अभिमानाने सांगत होतो की आमच्या घरातच आहे ते. असो. विषय तुझा नाही, माझा आहे.

तर त्या दिवसापासून आमचं बोलणं 'दूध आलं का' आणि 'किल्ली घेतली का' एवढ्यावर आलं. मी ठरवलं की भांडण्यात अर्थ नाही, आपण आपल्या कलेने उत्तर द्यायचं. घरच्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र धाडायचं काम मग तेच करतं) बसवायचं, मोठा पडदा लावायचा, की त्या पडद्यावर तिचं बदक खऱ्या बदकाएवढं दिसलं पाहिजे. मग ती कशाला जाईल त्या दाढेच्या लॅपटॉपवर? कार्ड आणलं. डबा उघडला, कार्ड खटकन बसवलं, पडद्याची वायर लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि नव्या कोऱ्या पडद्यावर दोनच शब्द आले: 'सिग्नल नाही'.

आज चौथा दिवस. मी कार्ड काढून परत बसवलं. रॅम काढून, खोडरबराने घासून परत बसवली. दुसऱ्या संगणकातले भाग याला लावून बघितले, मग तिसऱ्यातले दुसऱ्याला, आणि आता कुठला स्क्रू कुणाचा हे मलाही सांगता येत नाही. जेवणाच्या टेबलावर तिन्ही संगणकांची आतडी पसरली आहेत आणि आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून जेवतो. तुझी वहिनी येताजाता टेबलाकडे बघते आणि पुढे जाते. काल मंगळवार होता, मी दुकानाला दांडी मारून घरीच होतो. बरोबर चारला ती वर गेली आणि पाचला गुणगुणत खाली आली. माणसाने किती सहन करायचं?

मन मोकळं करायला तुझ्याशिवाय कोण आहे. कंबरेला शेक देत जा. मेहुण्यांना नमस्कार, भाचीला पापा.

तुझा,
दादा

ता. क. – आता नमस्काराचं कारण. सोबतच्या चिठ्ठीवर दातवाल्यांचा फोन नंबर आहे (लिफ्टमध्ये लावलेला असतो, 'कधीही विचारा' असं खाली लिहून). तुझा आवाज त्यांना माहीत नाही. त्यांना फोन कर आणि विचार की नवं कार्ड बसवल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर 'सिग्नल नाही' येतं, तर काय करावं? माझं नाव घेऊ नकोस. वाचनालयातला संगणक आहे म्हण. जे सांगतील ते शब्दशः लिहून मला पत्राने कळव, फोनवर नको, टॅबवर उमटेल.

ता. क. २ – फोन करू नकोस. पाकीट शोधत होतो, तेवढ्यात तुझी वहिनी तिची चौकटींची वही शोधत आली. चार पानं फाडलेली दिसली, तिने वही मिटली. टेबलाशी उभी राहिली. आणि धाकटे, तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. म्हणाली, 'नवीन काय बसवलंत ते दाखवा.' मी कार्ड दाखवलं. 'त्याला मागून वायर लावायची खाच आहे ना?' आहे म्हटलं. 'मग पडद्याची वायर जुन्याच खाचेत का आहे?'

मी खाली वाकून बघितलं. मी दिवसभर लोकांना विचारतो, हे बरं दिसतं की ते. चार दिवस, दर वेळी, बोटांनी सवयीने वायर जुन्या खाचेतच नेऊन लावली होती. मी म्हटलं, लाव मग. तर म्हणाली, 'तुम्हीच काढा, तुम्हीच लावा. सावकाश. घाई नाही.' काढली. लावली. पडदा उजळला.

मग ती खुर्चीत बसली आणि तिने बदक उघडलं. मी पाठीमागे उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मीही पाठीमागे बांधले. ते जमायला वाटतं तितकं सोपं नाही, बोटं चुळबुळ करतात. मागे उभं राहणाऱ्याला पडदा कमी आणि बसलेल्याची टाळूच जास्त दिसते, हे मला पहिल्यांदा कळलं. तिचे केस बरेच पांढरे झाले आहेत. ती चोच रंगवत होती, परत एकेक चौकट. सगळ्या चौकटी एकदम निवडून एका फटक्यात रंग भरता येतो, आणि माझ्या तोंडातून 'सर' एवढं निघालंच. तिने मान वळवली. मी म्हटलं, 'सरबत घेणार का?' म्हणाली, घेईन. मग ते करणं आलं. लिंबू पिळून परत येतो तर पडद्यावर एका ओळीत नऊ बदकं, सगळी एका फटक्यात उमटवलेली. म्हणजे युक्ती तिला येत होती. चोच मात्र तिला एकेक चौकट करूनच रंगवायला आवडते, एवढंच होतं ते. सरबत पिऊन ती म्हणाली, 'तुम्ही होतात म्हणून.' चेष्टेने म्हणाली की खरंच, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी ती वर जाणारच आहे. मला म्हणाली, तुम्हीही चला, पण हात पाठीमागे.

ता. क. ३ – त्या घराचं छप्पर राहिलं होतं. सुट्टी काढून ये. खुर्चीत तू बसायचं. किती वेळ लागेल तेवढा लागू दे, मी मागे उभा राहीन. सरबत मला बरं जमतं.

ता. क. ४ – दातवाल्यांना फोन तेवढा करच. वायर जुन्या खाचेत आहे हे त्यांच्या लक्षात येतं का, एवढंच बघायचं आहे. नाही आलं, तर तारीख आणि वेळ लिहून ठेव.